साथ दारात येण्याआधी: ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायटीच्या आणि चाळीच्या मदतगटासाठी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मदत करायला निघालेले हात बरेच होते. गणेश मंडळांची पोरं होती, महिला बचत गट होते, सोसायट्यांकडे थोडाफार पैसाही होता. अडलं ते एवढ्यावरच की कुठल्या घराला काय लागणार आणि त्या दारापाशी कोण जाणार, हे कुणी आधी लिहून ठेवलेलं नव्हतं. मग एका घरी तीनदा तांदूळ पोचला आणि शेजारच्या डायलिसिसच्या रुग्णाला गाडी मिळाली नाही.

हे टिपण असं काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी आहे. सोयीसाठी १०० घरांची वस्ती धरली आहे, मग ती घणसोलीतली सोसायटी असो, तुर्भे स्टोअरमधली गल्ली असो की ठाण्याच्या लोकमान्यनगरातली चाळ. साथ श्वासावाटे पसरणारी आहे, असं मानून लिहिलं आहे. विलगीकरण किती दिवसांचं, चाचणी कुणाची, हे आजारागणिक बदलतं. त्यासाठी त्या वेळचं महापालिकेचं परिपत्रकच प्रमाण माना, व्हॉट्सॲपवर फिरणारं नव्हे.

आधी वही

शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक घराला एक पान द्या. एक्सेल नंतर करा, किंवा करूच नका. मोबाइलवरची फाइल पाच जणांकडे जाते आणि मग ती गुप्त राहत नाही. पानावर एवढं असावं:

- घरात डोकी किती, त्यांत ६० वर्षांवरचे किती, ५ वर्षांखालचे किती
- कुणी गरोदर आहे का, कितवा महिना, नाव कुठल्या रुग्णालयात घातलं आहे
- रोजची औषधं: डायबेटिस, बीपी, थायरॉइड, दमा, फिट, टीबी. आज घरात किती दिवसांची शिल्लक आहेत
- डायलिसिस किंवा केमो असेल तर वार, वेळ, केंद्र
- बाहेर राहणाऱ्या एका नातेवाइकाचा फोन
- रेशनकार्ड कुठल्या रंगाचं, आणि ते इथलं की गावचं
- घरात वेगळी खोली आहे का, संडास स्वतःचा की सामायिक
- घर रोजंदारीवर चालतं की पगारावर

शेवटचे दोन प्रश्न लोक संकोचून टाळतात आणि कामाला तेच सर्वांत जास्त येतात. विचारायला शक्यतो त्या मजल्यावरचीच बाई जाऊ दे. टीबीचं तर दारात विचारलं की हमखास ‘नाही’ असंच उत्तर येतं. तो प्रश्न आशाताईंवर सोडा. कुणाचं औषध चालू आहे हे त्यांना माहीत असतं. टीबीची औषधं सलग घ्यावी लागतात, मध्ये खंड पडला तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून टाळेबंदीत सगळ्यांत आधी पोचवायच्या गोष्टींत ही गोळी येते.

औषधांचा रकाना दर पंधरा दिवसांनी ताजा करा. शिल्लक दहा दिवसांवर आली की मागणी नोंदवायची, पाच दिवसांवर येईपर्यंत थांबायचं नाही. साथीत दुकान उघडं असलं तरी नेमकी तीच गोळी नसते.

माणसं किती आणि कुठली

दहा-बारा घरांमागे एक माणूस पुरतो. म्हणजे १०० घरांना आठ-दहा जण आणि दोन राखीव. आजारी घराच्या दारापाशी जाणारा आणि पैशांचा हिशेब ठेवणारा, ही दोन कामं एकाच माणसाला देऊ नका. पहिला आजारी पडला की दुसरं कामही थांबतं. दाराशी जाणारे शक्यतो पन्नाशीच्या आतले, दमा-डायबेटिस नसलेले आणि ज्यांच्या घरी म्हातारे आईवडील नाहीत असे निवडा.

वस्तीत गणेश मंडळ असेल तर नवा गट काढायच्या भानगडीत पडू नका. मंडळाकडे पोरं असतात, लाउडस्पीकर असतो, कपाट असतं आणि बहुधा बँकेत खातंही असतं. कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे गोळा केले की तिसऱ्या आठवड्यात भांडण ठरलेलं. जमा आणि खर्च दर रविवारी फलकावर लावा, पण मदत घेणाऱ्यांची नावं लावू नका, ‘या आठवड्यात १४ घरं’ एवढंच लिहा. शिध्याची पिशवी देताना फोटो नको. एकदा फोटो निघाला की पुढच्या वेळी गरजू घर मागायला येत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप पहिल्या दिवशी निघतो आणि तिसऱ्या दिवशी त्यावर काढ्यांच्या पाककृती सुरू होतात. सूचनांचा ग्रुप ‘फक्त ॲडमिन’ ठेवा. बाधित घराचं नाव त्यावर कधीही टाकू नका. नाव फुटतं हे कळलं की पुढचे लोक ताप लपवतात, आणि लपवलेला ताप आख्ख्या मजल्याला महागात पडतो.

आजारी घर

दाराबाहेर एक स्टूल ठेवा. सामान स्टुलावर ठेवायचं, बेल वाजवायची, जिन्याच्या वळणावर जाऊन थांबायचं. दार उघडून सामान आत गेलेलं पाहिलं की निघायचं. पैसे नंतर, किंवा यूपीआयने. घरातल्या ओल्या कचऱ्याची पिशवी दुहेरी गाठ मारून, ठरलेल्या एकाच वेळी बाहेर यावी. मास्क, टिश्यू वगैरे वेगळ्या पिशवीत; महापालिका त्यासाठी पिवळी पिशवी देत असेल तर त्यात. सफाई कामगाराला हातमोजे देणं सोसायटीचं काम आहे, हे कार्यकारिणीला दोनदा सांगावं लागतं.

शंभर घरांना चार पल्स ऑक्सिमीटर पुरतात. थर्मामीटर मात्र प्रत्येक आजारी घराला वेगळा. ऑक्सिमीटर एका घरातून दुसऱ्या घरी जाताना स्पिरिटने पुसायचा. चुकीचा आकडा येण्याची नेहमीची कारणं म्हणजे नेलपॉलिश, गडद मेंदी, गार बोट आणि जिना चढून आल्याआल्या घेतलेलं माप. पाच मिनिटं बसू द्या, हात चोळून गरम करा, बोट आत घालून आकडा स्थिर होईपर्यंत साधारण मिनिटभर थांबा. आकडा कमी आला तर घाबरण्याआधी दुसऱ्या बोटावर पाहा.

दिवसातून दोनदा फोन. इथे नवखे एकच चूक करतात: “काका, बरे आहात ना?” असं विचारतात. काका “बरा आहे” म्हणतात. ते नेहमीच तसं म्हणतात. आकडा विचारा. ताप किती, ऑक्सिजन किती, लघवी किती वेळा झाली, सकाळी काय खाल्लं. मग त्यांना थोडं बोलतं ठेवा. वाक्य पुरं करताना मध्ये श्वास घ्यायला थांबत असतील तर ते वहीत लिहा आणि डॉक्टरांना कळवा. कोविडमध्ये असेही रुग्ण होते ज्यांना धाप जाणवत नव्हती, पण ऑक्सिजन उतरलेला होता. म्हणून कुणाच्याही ‘बरं वाटतंय’वर विसंबायचं नाही.

त्या काळात राज्याच्या आरोग्य विभागाने सहा मिनिटं चालण्याची चाचणी सांगितली होती. घरातल्या घरात, सपाट जमिनीवर, नेहमीच्या चालीने सहा मिनिटं चालायचं. साठीच्या पुढच्यांनी तीन. चालण्याआधी आणि नंतर ऑक्सिजन मोजायचा. नंतरचा आकडा ९३ च्या खाली गेला, किंवा आधीपेक्षा ३ हून जास्त अंकांनी घसरला, तर डॉक्टर गाठायचे. बसल्याजागीच धाप लागत असेल तर चाचणीच्या वाटेला जाऊ नका, आणि दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालवू नका.

बसून घेतलेला आकडा ९४ च्या खाली, छातीत सतत दुखणं, ओठ निळसर होणं, माणूस गोंधळल्यासारखा बोलणं किंवा जागा न होणं, यातलं काहीही दिसलं की फोनवर चर्चा बंद आणि १०८. गाडी येईपर्यंत, माणूस शुद्धीवर असेल तर त्याला पालथं झोपवलं की श्वास थोडा सुधारू शकतो. दिवस भरत आलेल्या गरोदर बाईला मात्र पालथं झोपवायचं नाही.

एका खोलीचं घर

‘वेगळ्या खोलीत राहा’ हा सल्ला दिघा, चिंचपाडा किंवा कळव्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीला लागू पडत नाही. पडदा लावल्याने नजर अडते, हवा अडत नाही. अशा घरातल्या रुग्णासाठी महापालिकेच्या विलगीकरण केंद्रात जागा मागणं हाच पहिला पर्याय ठेवा. नवी मुंबईत वाशीचं सिडको प्रदर्शन केंद्र आणि ठाण्यात बाळकुमचं ग्लोबल हब अशाच गरजेतून उभं राहिलं होतं. जायला लोक भितात, कारण तिथे कोण काय खायला देईल हे माहीत नसतं. बॅग आधीच सांगून ठेवा: चार्जर, चालू औषधांची पट्टी, आधारची झेरॉक्स, दोन चादरी, मग, पाण्याची बाटली, टूथब्रश.

जागा मिळेपर्यंत रुग्णाला खिडकीजवळ झोपवा आणि पंखा अशा कोनात ठेवा की हवा खोलीतून खिडकीबाहेर जाईल. बाकीच्यांची डोकी त्याच्या पायांकडे. दोघांनीही मास्क.

सामायिक संडास असेल तर रुग्णाची पाळी सगळ्यांच्या शेवटी ठेवा, बादली-मग त्याचा वेगळा, आणि नंतर अर्धा तास दार-खिडकी उघडी. कडी, नळ आणि भांडं पुसायला १ टक्का क्लोरीनचं पाणी पुरतं. बाजारातली चांगली ब्लीचिंग पावडर साधारण ३३ टक्क्यांची असते; तिचे ३० ग्रॅम एक लिटर पाण्यात घातले की हे पाणी तयार होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा, अंदाजपंचे नको. लावून दहा मिनिटं थांबा, मग पाण्याने धुवा. रोज ताजं करा, कारण उरलेल्याचा जोर दुसऱ्या दिवशी उतरतो. आणि संडास धुवायच्या ॲसिडबरोबर ते कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो, बंद मोरीत जीव गुदमरतो. माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारणं तर केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच चुकीचं ठरवलं होतं, तरी गेटवर फवारणीची कमान उभी करायची हौस काही सोसायट्यांना पुढे बराच काळ होती.

इमारतींसाठी एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. बाथरूममधल्या न्हाणी ट्रॅपमध्ये पाणी भरलेलं असतं ते वास आणि हवा अडवायला. वापर नसला की ते सुकतं आणि खालच्या-वरच्या घरांच्या पाइपातली हवा तुमच्या मोरीत येते. एक्झॉस्ट पंखा लावला तर ओढूनच येते. २००३ च्या सार्सच्या साथीत हाँगकाँगच्या ॲमॉय गार्डन्स या वसाहतीत ३०० हून अधिक रहिवाशांना बाधा झाली, आणि तपासात सुकलेल्या ट्रॅपकडेच बोट दाखवलं गेलं. उपाय फुकटचा आहे. न वापरातल्या प्रत्येक मोरीत आठवड्यातून दोनदा मगभर पाणी ओता. बंद फ्लॅटची किल्ली ज्याच्याकडे आहे त्यालाही हे सांगा.

फोन करताना

१०८ ला पत्ता सांगताना नवी मुंबईत हमखास घोळ होतो. सेक्टर ८ वाशीत आहे, नेरुळात आहे, ऐरोलीत आहे आणि सीबीडीतही आहे. फोन घेणारा तुमच्या भागातला नसतो. म्हणून क्रम पाठ करा: आधी नोड (म्हणजे वाशी, नेरुळ असं उपनगराचं नाव), मग सेक्टर, प्लॉट नंबर, इमारतीचं नाव, जवळची शाळा किंवा देऊळ. हे मोठ्या अक्षरात लिहून वॉचमनच्या केबिनमध्ये चिकटवा. चाळीत गाडी आत येत नसेल तर कुठल्या नाक्यावर थांबेल आणि तिथवर रुग्णाला कशावर न्यायचं, हेही आधीच ठरवा. दोन बांबू आणि एक जाड चादर मंडळाच्या कपाटात असू द्या.

खारघर, कामोठे, कळंबोलीकरांसाठी वेगळी सूचना. लोक या भागाला नवी मुंबईच म्हणतात, पण तो पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात येतो. बेलापूर ते दिघा हा पट्टा नवी मुंबई महापालिकेत आणि ठाणे जिल्ह्यात. चुकीच्या महापालिकेच्या वॉर रूमला (साथीच्या मदत कक्षाला) फोन केला तर अर्धा दिवस जातो, आणि चुकीच्या तहसीलदाराकडे अर्ज केला तर महिना.

रोजच्या कामासाठी आपलं नागरी आरोग्य केंद्र गाठा. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना गटातल्या दोघांचे नंबर देऊन ठेवा. २०२० च्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजायला याच बायका आल्या होत्या, आणि काही गेटांवर त्यांनाच अडवलं गेलं. वॉचमनला त्यांची ओळख करून द्या.

इतर नंबर फलकावर: वैद्यकीय सल्ला १०४, गरोदर माता व बाळाची गाडी १०२, मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७, मन ढासळलं असेल तर टेली मानस १४४१६. घरात मारहाण होत असेल तर ती बाई नवऱ्यासमोर फोनवर बोलू शकत नाही. “लोणच्याची बरणी पाठवून द्या” अशासारखं एखादं साधं वाक्य खुणेचं म्हणून बायकाबायकांत ठरवून ठेवा.

धान्य

अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो मिळतं. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पांढऱ्या कार्डावर धान्य नाही. केशरी कार्ड आहे म्हणजे धान्य आहेच, असंही नसतं. नाव प्राधान्य यादीत आहे का ते पाहा.

माथाडी, बांधकाम आणि घरकाम करणाऱ्या बऱ्याच घरांचं कार्ड साताऱ्याला, सांगलीला किंवा जालन्याला असतं. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे आधार जोडलेलं असेल तर इथल्या दुकानातही धान्य उचलता येतं, आणि थोडं इथे, थोडं गावी असंही करता येतं. अंगठा न उमटणं ही मोठी अडचण. भांडी-धुणी करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात. घरातल्या दुसऱ्या सदस्याचं ई-केवायसी आधीच करून ठेवलेलं असेल तर काम अडत नाही. साथीआधी करायचं हे काम आहे. साथीत मशीनसमोर रांग असते.

ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना किट. दोन मोठी, दोन लहान अशा घराला पंधरा दिवसांसाठी: गव्हाचं पीठ ८ किलो, तांदूळ ८ किलो, तूरडाळ २ किलो, मूग किंवा मसूर १ किलो, तेल २ लिटर, मीठ १ किलो, साखर १ किलो, चहा पावडर पाव किलो, तिखट २०० ग्रॅम, हळद १०० ग्रॅम, कांदे-बटाटे तीन-तीन किलो, अंगाचे दोन आणि कपड्यांचे दोन साबण, सॅनिटरी पॅडची दोन पाकिटं. गहू देऊ नका, पीठच द्या. गिरणी बंद असली की गव्हाचं पोतं कोपऱ्यात पडून राहतं. किट देताना सिलिंडर कधी भरला ते विचारा. गॅस नसेल तर डाळ शिजत नाही, तिथे तयार जेवण पाठवा.

बाळाच्या दुधाची पावडर किटमध्ये घालू नका. आईला बाधा झाली असली तरी हात धुऊन, मास्क लावून अंगावर पाजणं चालू ठेवायचं असतं. फुकट पावडर आली की ते तुटतं. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना, गरोदर आणि स्तनदा मातांना घरी न्यायचा आहार मिळतो, त्यासाठी सेविकेकडे नाव आहे ना ते पाहा.

लसीकरणाचं कार्डही याच फेरीत तपासा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. कोविडच्या काळात हे डोस चुकलेली मुलं मागे राहिली, आणि २०२२ च्या शेवटी मुंबईत, विशेषतः गोवंडीत, गोवर उसळला.

दवाखान्याचा खर्च आणि मागचे कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालय असेल तर तिथे योजनेचं काम पाहणारा ‘आरोग्यमित्र’ बसतो. त्याला दाखल होतानाच भेटा. डिस्चार्जच्या वेळी विचारलं की बिल आधीच फाटलेलं असतं. सोबत रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र. कार्ड गावी असेल तर त्याचा फोटो आजच मागवून गटाच्या वहीत नोंद करा. चौकशीसाठी १५५३८८.

मृत्यू झाला तर त्या दिवशी घरचे कागद गोळा करू शकत नाहीत. ते गटातल्या एकाने करायचं. रुग्णालयातून चाचणी अहवाल, उपचारांचा सारांश आणि मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र यांच्या प्रती मागा. घरी मृत्यू झाला असेल तर तपासणाऱ्या डॉक्टरांकडून ‘नमुना ४ अ’. नोंद २१ दिवसांत करा, त्यानंतर विलंब शुल्क आणि परवानग्या लागतात. नाव आधारवर जसं आहे तसंच सगळीकडे उतरलं आहे का, ते तिथेच उभं राहून वाचा. ‘शांताबाई’ आणि ‘शांता’ एवढ्या फरकाने अर्ज परत येतो.

कोविडमध्ये ५०,००० रुपयांचं सानुग्रह अनुदान मिळालं ते याच कागदांवर. बाधित ठरल्यापासून ३० दिवसांतला मृत्यू त्यात धरला जात होता, मग तो रुग्णालयाबाहेर झाला असला तरी. ज्यांनी अहवाल फेकून दिले त्यांना प्रती काढायला पुन्हा हेलपाटे पडले.

घरातला कमावता गेला असेल आणि तो १८ ते ५९ वयाचा, दारिद्र्यरेषेखालच्या घरातला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. विधवेसाठी संजय गांधी निराधार योजना दरमहा १,५०० रुपये देते; कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो आणि अर्ज तिथेच अडतो. हे दोन्ही अर्ज तहसील कार्यालयात. बेलापूर ते दिघा पट्ट्यासाठी ठाणे तहसील.

पालक गमावलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये आहेत, आणि एक पालक गेला असला तरी अर्ज करता येतो. मूल अगदी एकटं पडलं असेल तर १०९८ वर कळवा. पुढचं बाल कल्याण समिती ठरवते. २०२१ मध्ये ‘आईवडील गेलेलं बाळ दत्तक द्यायचं आहे’ असे मेसेज फोन नंबरांसह फिरले होते. असं परस्पर मूल देणं-घेणं गुन्हा आहे. तसा मेसेज ग्रुपवर आला तर पुढे ढकलू नका. स्क्रीनशॉट काढून १०९८ ला कळवा आणि मग ग्रुपमधून काढून टाका.